पीसीचा १२१०० प्रोसेसर काढून १३४०० लावला, आता मदरबोर्ड अर्धाच चालते: सॉकेटच्या पिना सरळ करायच्या की बोर्डच बदलायचा?

मानेवाडा_४४

नमस्कार मंडळी, नागपुरातून विचारून राहिलो.

बोर्ड बी६६०एम, डीडीआर४ वाला, रॅमचे चार स्लॉट, २०२२ च्या सुरुवातीला घेतलेला. तेव्हापासून बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डमधलंच सॉफ्टवेअर) कधी अपडेट केलेला नाही. त्यात आय३-१२१०० व्यवस्थित चालत होता. चुलतभावाने एका दुकानात देऊन त्यावर आय५-१३४०० बसवून घेतला. पीसी परत आला तो डिस्प्ले नसलेला, आणि दुकानदाराचं म्हणणं असं की बोर्ड आधीचाच खराब होता. आता तो माझ्या टेबलावर आहे. जे दिसलं ते लिहितो.

१३४०० असताना पंखे फिरतात, बोर्डवरचा सीपीयूचा दिवा जळत राहते, पुढे काहीच नाही. सेल काढून सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणल्या, तरी तेच.

१२१०० परत लावला आणि ए२ स्लॉटमध्ये रॅमची एकच काडी ठेवली तर थेट विंडोजपर्यंत जाते. तीच काडी बी२ मध्ये टाकली की डीरॅमचा, म्हणजे रॅमच्या बिघाडाचा, दिवा लागून थांबते. दुसरी काडी लावूनही तसंच. दोन्ही लावल्या तरी डीरॅमचाच दिवा. म्हणजे रॅममध्ये खोट नाही.

भिंगातून सॉकेट पाहिलं. रॅमच्या बाजूच्या कडेला तीन पिना रांग सोडून गेल्या आहेत, त्यातली एक शेजारच्या पिनेला टेकल्यासारखी दिसते. तुटलेली एकही दिसत नाही. ग्राफिक कार्ड ओळखलं जाते, पूर्ण सोळा लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालते.

पिना घरी सरळ करता येतील का? केल्या तर १३४०० चालेल याची खात्री किती? की सरळ दुसरा बोर्ड घ्यावा?

रेशीमबाग_बेंच

भाऊ, आधी एक काम करा: पिनांचा निकाल लागेपर्यंत या बोर्डला पुन्हा पॉवर देऊ नका. तुमच्या या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १७०० पिना आहेत आणि त्यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरही नाही. टेकलेली जोडी जर दोन डेटा लाइनींची असेल तर फक्त रॅम दिसणार नाही, पण तीच जोडी कोअर व्होल्टेज आणि ग्राउंडची असली तर गोष्ट वेगळी. कोअरला व्होल्टेज सव्वा व्होल्टच्या आसपास, पण पूर्ण लोडवर करंट शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. संरक्षण सर्किटने वेळेत बंद केलं तर ठीक, नाही तर पिनेचं टोक आणि प्रोसेसरच्या खालचा पॅड दोन्ही जळतात. मग बोर्डासोबत नवा १३४०० पण गेला.

आता निदान. तुमच्या माहितीवरून बिघाड दोन आहेत आणि ते एकावर एक आल्यामुळे बोर्ड मेल्यासारखा वाटतो.

पहिला बायोसचा. आय५-१३४०० बाजारात आला जानेवारी २०२३ मध्ये. २०२२ च्या सुरुवातीच्या बायोसमध्ये १३ व्या पिढीचा मायक्रोकोड (त्या प्रोसेसरला लागणारा आतला कोड) असणं शक्यच नाही. सॉकेट तेच, प्रोसेसर बसतो, पंखे फिरतात, पण बोर्ड त्याला ओळखत नाही आणि सीपीयूचा दिवा जळत राहतो. पिना शंभर टक्के सरळ असत्या तरी हेच झालं असतं. दुकानात प्रोसेसर तीन-चार वेळा काढून घातला गेला असेल तर तो याच दिव्यामुळे, आणि पिना अशाच वेळी वाकतात.

दुसरा पिनांचा. १२१०० वर चॅनल ए (ए स्लॉटांची रॅमची वाट) चालतो, बी चालत नाही. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे स्लॉटपासून प्रत्येक लाइन सॉकेटच्या पिनेतून थेट प्रोसेसरमध्ये जाते. रॅमकडच्या कडेला बहुतेक रॅमच्याच लाइनी असतात. वाकलेल्या पिना नेमक्या तिथेच आहेत, म्हणून मेळ बसतो.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी पिना, मग १२१०० वरच बायोस, आणि १३४०० सगळ्यात शेवटी. अर्धवट चालणाऱ्या बोर्डवर बायोस फ्लॅश (अपडेट) करू नका. मध्येच हँग झाला तर तिसरा बिघाड वाढेल.

फ्लक्स_आणि_चिमटा

बेंचभाऊंनी क्रम बरोबर दिला. पिनांचं मी सांगतो, कारण घाईत हात घालून तीनच्या तेरा पिना झालेले बोर्ड दुरुस्तीला बरेच येतात.

पहिले खात्री करा की कोणत्या पिना प्रोसेसरला लागतच नाहीत. त्यासाठी प्रोसेसर उलटा करा आणि खालचे सोनेरी पॅड तिरप्या उजेडात भिंगाने पाहा. जिथे पिन दाबली गेली तिथे पॅडवर सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका किंवा ओरखडा असतो. ज्या पॅडवर तो नाही, किंवा पॅडच्या कडेला भलतीकडे आहे, त्याखालची पिन बिघडलेली. हे १२१०० वर पाहा, तो जास्त दिवस बसलेला होता. पण लक्षात ठेवा, त्याच्यावर पिना चांगल्या असतानाचे जुने ठिपके पण आहेत. म्हणून १३४०० चे पॅड पण पाहा, त्यावर बहुतेक वाकल्यानंतरचेच ठिपके असतील. दोघांची तुलना केली की उत्तर मिळते.

सॉकेटचे फोटो फ्लॅश बंद करून काढा. टॉर्च एका बाजूने, जवळजवळ बोर्डच्या पातळीत धरा. चांगल्या पिनांची टोकं एका ओळीत चमकतात, वाकलेली तेवढी काळी पडते किंवा चुकीच्या जागी चमकते. चारही बाजूंनी काढा, एका बाजूने नीट दिसणारी पिन दुसऱ्या बाजूने खाली दबलेली निघते. मान तुकवलेली पिन बाजूला झुकलेल्या पिनेपेक्षा सापडायला अवघड.

सामान: १० पट भिंग किंवा फोनचा मॅक्रो कॅमेरा, खोडरबरात खोवलेली शिवणाची सर्वांत बारीक सुई, बारीक वाकड्या टोकाचा चिमटा, आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी असते. मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या सीताबर्डीवरच्या दुकानांत ९९ वालं मिळते. पेन्सिलीच्या रिकाम्या ०.५ च्या टोकाची युक्ती इथे वापरू नका. ती एएमडीच्या एएम४ प्रोसेसरच्या उभ्या पिनांसाठी आहे. इंटेलच्या सॉकेटमधली पिन म्हणजे पत्र्याची वाकवलेली स्प्रिंग, ती त्या नळीत शिरतच नाही.

पद्धत: सेल काढा, केबल काढा, बोर्ड सपाट ठेवा, कोपर टेबलाला टेकवा. पिन मुळापासून वर चढते, मग तिरकी होते आणि टोकाशी छोटी गोलाई असते. वाकते ती बहुतेक वेळा तिरक्या भागात. म्हणून सुईचं टोक पिनेच्या गोलाईत अडकवून ओढू नका. सुई पोटाखाली, मुळाजवळ न्या आणि जिकडून आली तिकडे केसभर ढकला. थांबा, भिंगातून पाहा, शेजारच्या चांगल्या पिनेशी उंची आणि दिशा जुळवा, मग पुढचा केसभर. टेकलेली पिन आधी सोडवा, मग बाकीच्या. पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, वर सोन्याचा मुलामा. एकाच जागी दोन-तीनदा पुढेमागे वाकवली की तडा जाऊन तुटते, म्हणून जास्त ढकलून मग परत आणणं सगळ्यात वाईट. ऐंशी टक्के सरळ झाली आणि पॅडखाली नीट येत असेल तर तिथेच सोडा.

सॉकेटमध्ये इअरबड फिरवू नका. कापसाचा एक धागा पुरतो दहा पिना ओढायला. पेस्ट सांडली असेल तर अल्कोहोल भरपूर टाका, मऊ ब्रशने पिना ज्या दिशेला झुकल्या आहेत त्याच दिशेने झाडा आणि पूर्ण वाळू द्या.

महालचा_भाऊ

दोन गोष्टी जोडतो, नागपूरच्या हिशेबाने.

आता उन्हाळा आहे. एप्रिल-मेमधे दुपारी हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठलं तरी अंगावर स्टॅटिक चार्ज साचते. उघडं सॉकेट आणि उलटा प्रोसेसर हाताळताना हे चालत नाही. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) कॅबिनेटमध्येच ठेवा, त्याची वायर भिंतीच्या प्लगमध्ये लावलेली पण बटण बंद. आपल्या इथल्या बटणाने फक्त फेज तुटते, अर्थिंग जोडलेलं राहते. मग दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

पण घरात अर्थिंग खरंच आहे का ते आधी पाहा. मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्ट रेंजवर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पायजे. फेज-अर्थ काहीच्या काही कमी दाखवत असेल, किंवा पीसी चालू असताना पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर तिसरी पिन नावालाच आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अशा कॅबिनेटवर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत तरंगतं व्होल्टेज असू शकते. अशा घरात वायर प्लगला लावून ठेवू नका, सरळ काढून टाका.

आणि घरातल्या पाण्याच्या कूलरच्या समोर हे काम करायचं नाही. हवेबरोबर वाळ्याचा भुसा आणि पाण्याचे शिंतोडे येतात, दोन्ही सॉकेटमध्ये नकोत. पंखा पण बंद. सकाळी लवकर बसा.

एएम४ वाल्यांसाठी, कारण एएमडीचा रायझन २६०० काढून ५६०० टाकणारे पण हा धागा वाचतील. तिथे १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटमध्ये फक्त भोकं. आपल्या उन्हाळ्यात थर्मल पेस्ट वाळून हीटसिंक प्रोसेसरला घट्ट चिकटते. थंड असताना सरळ वर ओढलं की लीव्हर लॉक असूनही प्रोसेसर सॉकेटातून उपसून येते आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं पीसी लोडवर चालवा, बंद करा, क्लिप सोडा, मग हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. सुटलं की मगच उचला. तिथे बोर्ड वाचते, प्रोसेसर जाते. इंटेलमध्ये उलट.

धंतोली_हिशेब

माझं मत थोडं वेगळं आहे. पिना सरळ करून पाहायला हरकत नाही, पण आधी पुरावा जमवा. फ्लक्स यांनी सांगितले तसे फोटो सुई लावण्याआधी काढा, बोर्डचा सिरियल नंबर दिसेल असा एक. दुकानाने पीसी घेताना पावती किंवा जॉब कार्ड दिलं होतं का? त्यावर पीसी चालू अवस्थेत आला असं लिहिलं असेल, तर "आधीचाच खराब" हे टिकत नाही. आधी शांतपणे लेखी मागणी करा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. एकदा तुम्ही पिनांना हात लावला की "तुम्हीच वाकवल्या" म्हणायला त्यांना वाट मिळते, म्हणून हे आधी.

कंपनीच्या वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. वाकलेल्या पिना म्हणजे बाहेरून झालेलं नुकसान, ते सर्व्हिस सेंटरवर साधारणपणे नाकारलं जातं. सॉकेटचं काळं झाकण नसलं तर बोर्ड आतच घेत नाहीत असंही होतं. ते झाकण फेकू नका. नवा बोर्ड कधीही घेतला तर काउंटरवरच झाकण काढून सॉकेट पाहा आणि फोटो काढा.

पैशाचं म्हणाल तर एच६१० चा साधा डीडीआर४ बोर्ड सहा-सात हजारांत येतो, पण त्यात दोनच रॅम स्लॉट आणि स्वस्तातल्या बोर्डांत पॉवरची बाजू कमजोर. १३४०० चा बेस ६५ वॅट असला तरी टर्बोला, म्हणजे जोर लावल्यावर, १४८ वॅटपर्यंत जातो. पॉवरच्या चिपांवर हीटसिंक नसलेला बोर्ड नागपूरच्या ४५ डिग्रीत रेंडरिंगसारख्या लांब कामाला स्पीड पाडेल. म्हणून हा बी६६० वाचत असेल तर वाचवण्यासारखा आहे.

मानेवाडा_४४

सगळ्यांचे आभार. जॉब कार्ड आहे, त्यावर "अपग्रेड, चालू" असं लिहिलेलं आहे. फोटो काढून झाले.

१३४०० चे पॅड पाहिले. त्या भागात तीन पॅड कोरे आहेत, एकावर कडेला ओरखडा. म्हणजे चार पिना. चौथी बाजूला झुकलेली नाही, नुसती खाली दबलेली आहे, आधी नजरेतून सुटली होती. एखादी तुटलीच तर काय? आणि सॉकेट बदलून मिळते का?

फ्लक्स_आणि_चिमटा

दबलेली पिन वर आणताना सुई तिच्या पोटाखाली सपाट सरकवा आणि वर उचला, टोक धरून ओढू नका. चारपैकी ती शेवटी घ्या, तोवर हात बसलेला असेल.

तुटली तर ती पिन कशाची यावर सगळं आहे. इंटेलच्या डेटाशीटमध्ये प्रत्येक पिनेचं नाव दिलेलं असते. शेकडो पिना ग्राउंडच्या असतात, त्यांचं नाव व्हीएसएस. त्यातली एखादी गेली तर बहुधा काही जाणवत नाही. कोअर व्होल्टेजच्या पण अनेक आहेत, एक गेली तर भार बाकीच्यांवर वाटला जाते. पण रॅमची डेटा लाइन एकच असते. ती गेली की तो चॅनल गेला, आणि ए चॅनलवर बोर्ड जन्मभर चालवायचा. चालेल, पण रॅमचा वेग अर्धा. नकाशा वाचताना सावध राहा: प्रोसेसरचा खालून आणि सॉकेटचा वरून असे दोन नकाशे एकमेकांचे आरसे असतात. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवल्याशिवाय मोजू नका.

सॉकेट बदलणं होते, पण बीजीए मशीनवर (खालून सोल्डर केलेल्या चिपा काढण्या-बसवण्याचं मशीन). बोर्ड खालून तापवून वरून शिसं नसलेलं सोल्डर वितळवावं लागते, ते साधारण २१७ डिग्रीला वितळते, म्हणजे प्रत्यक्षात सॉकेटपाशी त्याच्या वर वीस-पंचवीस डिग्री न्यावं लागते, तेही सगळीकडे सारखं. एवढा मोठा प्लॅस्टिकचा भाग आणि १७०० जोड. बोर्ड थोडा जरी वाकला तर मधले जोड बसत नाहीत. लॅपटॉपच्या चिपा बदलणारे सगळे हे करतीलच असं नाही. विचारताना सरळ विचारा, "एलजीए१७०० चं सॉकेट बदललं आहे का, आणि नवीन सॉकेट कुठून आणता?" दुसऱ्या बोर्डवरून काढलेलं सॉकेट बसवणार असतील तर नको म्हणा.

रेशीमबाग_बेंच

पिना झाल्या की असं करा. १२१०० बसवताना प्रोसेसर दोन बोटांनी कडांना धरा, खाचा जुळवा आणि सरळ खाली सोडा. सॉकेटवर सरकवायचा नाही, दाबायचाही नाही. तो आयताकार आहे, ३७.५ बाय ४५ मिलिमीटर, आडवा बसतच नाही, आणि उलटा फिरवला तर खाचा जुळत नाहीत. लीव्हर बंद करताना थोडं करकरते, तो आवाज असतोच.

पहिले ए२ वर एक काडी, मग बी२ वर एक, मग दोन्ही. प्रोसेसर किंवा रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग चालते, एखादं मिनिट काळा पडदा राहू शकतो. लगेच बटण दाबून बंद करू नका.

दोन्ही चॅनल आले की बायोस. कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डच्या नेमक्या रिव्हिजनची प्रोसेसर यादी पाहा, १३४०० कोणत्या व्हर्जनपासून आहे ते तिथे दिलेलं असते. काही बोर्डांना त्याआधी एमई फर्मवेअरचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या वेगळ्या सॉफ्टवेअरचा) अपडेट लागतो, तेही तिथेच लिहिलेलं असते. फाइल एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर, आणि फ्लॅश बायोसच्या आतूनच, विंडोजमधून नाही. पीसी यूपीएसवर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी लाइन कधी जाईल सांगता येत नाही.

मानेवाडा_४४

चारही पिना जागेवर आल्या, एकही तुटली नाही. १२१०० वर दोन्ही चॅनल आले. बायोस अपडेट झाला, १३४०० पण ओळखला. एकच गोष्ट राहिली: एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद असताना मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, साफ, ३२०० ला चालू केलं की बी चॅनलच्या काडीवर एरर येतात. दोन्ही काड्या ए२ मध्ये एकेक करून ३२०० ला तपासल्या, साफ.

फ्लक्स_आणि_चिमटा

काडी चांगली, चॅनल आहे पण वेग वाढला की घसरते. याचा अर्थ एखादी पिन लागते पण हलकी लागते. पुन्हा सुई लावण्याआधी हीटसिंक पाहा. १३४०० सोबत आलेल्या हीटसिंकला चार पुश-पिन असतात. एक जरी मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आली नसेल तर प्रोसेसरवर दाब एका कोपऱ्याला कमी पडते आणि नेमक्या कमजोर पिना सुटतात. बोर्ड कॅबिनेटमधून काढा, मागून चारही पांढऱ्या नळ्या उलगडलेल्या आणि त्यांच्या मधून काळा खिळा आरपार आलेला दिसला पायजे. बसवताना समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन. हीटसिंक आधी वापरलेला एलजीए१२०० चा असेल तर तो इथे चालत नाही, त्याची भोकं ७५ मिलिमीटरवर आणि इथली ७८ वर. कोणी काँटॅक्ट फ्रेम (प्रोसेसर दाबून धरणारी बाहेरची चौकट) बसवली असेल तर तिचे स्क्रू जास्त आवळल्यानेही हेच होते.

तिथे काही सापडलं नाही तर शेवटचा उपाय: प्रोसेसर काढून त्या चार पॅडवरचे ठिपके पाहा. ज्याचा ठिपका बाकीच्यांपेक्षा फिका, ती पिन केसभर वर.

मानेवाडा_४४

रॅमकडची वरची पुश-पिन अर्धीच उलगडली होती. हीटसिंक काढला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, चारही पिन मागून पाहून बसवल्या. सुई पुन्हा लावावी लागली नाही. ३२०० ला मेमटेस्टचे चार पास झाले, एरर शून्य. दुकानाला जॉब कार्डची प्रत आणि फोटो जोडून लेखी दिलं आहे, पोच घेतली आहे.